पसंद्यांसाठी बाभळीची मोगरी: प्रकल्प नोंदी

3 नोव्हेंबर

मोठ्या जाऊबाईंसाठी मटण थापायची मोगरी करायची ठरली. त्यांचं माहेर हैदराबादचं, काचीगुड्यातलं मराठी घर. त्यांच्यामुळे आमच्या नांदेडच्या स्वयंपाकघरात रश्श्याच्या जोडीला पसंदे आले, आणि खास पाहुणे असले की पत्थर का गोश्तही, म्हणजे तापल्या दगडावर भाजलेलं मटण. दोन्ही पदार्थांचा जीव एकाच गोष्टीत आहे. मांडीचं बिनहाडाचं मटण धाग्याला आडवं कापायचं आणि थापून सगळीकडे सारखं पातळ करायचं. आजवर हे काम सुऱ्याच्या पाठीने नाहीतर वरवंट्याने चालायचं. सुऱ्याची पाठ रेघा पाडते. वरवंटा गोल, त्यामुळे काप मधे पातळ होतो आणि कडेला जाड राहतो. बाजारातली ॲल्युमिनियमची हातोडी वापरून झाली आहे. तिचे दात बारीक आणि टोकदार असतात, पातळ काप त्याखाली फाटतो.

थापल्याने नेमकं काय होतं ते आधी लिहून ठेवते, कारण मोगरीचा आकार त्यावरच ठरणार. मटण म्हणजे स्नायूंच्या लांब धाग्यांच्या जुड्या, आणि प्रत्येक जुडीभोवती कोलॅजनचं चिवट आवरण. ते मऊ व्हायला ओली उष्णता आणि वेळ दोन्ही लागतं. 70 अंश सेल्सियसच्या वर बराच वेळ शिजत राहिलं की त्याचं जिलेटिन होतं. रश्श्यात तेवढा वेळ मिळतो. तापल्या दगडावर काप काही मिनिटांत उतरतो, तिथे कोलॅजनला सवडच नाही. म्हणून धागे आणि आवरण आधीच मोडून ठेवायचे. कच्च्या पपईतलं पपेन हे काम रसायनाने करतं, पण ते बाहेरून आत जातं. जास्त वेळ ठेवलं तर वरचा थर पिठूळ होतो आणि आतला तसाच राहतो. थापण्याचा परिणाम पूर्ण जाडीत होतो. जाऊबाई आधी थापतात, मग थोडी पपई लावून तासभर ठेवतात. हा क्रम मला पटतो.

5 नोव्हेंबर

मटणाच्या दुकानात आज मटणापेक्षा ओंडका जास्त पाहिला. चिंचेचा ओंडका, उभा ठेवलेला, वर्षानुवर्षं सत्तूर झेलणारा. त्याच्यावर ढलपी उडालेली कुठेच दिसत नाही. मध्यभागी झिजून खोलगट झाला आहे, पण फुटलेला नाही. कारण सोपं आहे. झाड जसं उभं वाढलं तसाच ओंडका उभा आहे, म्हणजे सत्तूर लाकडाच्या धाग्यांच्या टोकांवर पडतो. धागे बाजूला सरकतात आणि पुन्हा मिटतात. त्याच चिंचेची फळी आडवी ठेवून तिच्यावर तोडलं असतं तर थोड्याच दिवसांत तिच्या चिरफळ्या निघाल्या असत्या.

मोगरीसाठी पहिला नियम इथेच मिळाला: मटणावर पडणारी बाजू धाग्यांच्या टोकांची असली पाहिजे. 'उभी रेषा' म्हणतात सुतार.

दुकानदारांना ओंडका कसा सांभाळता ते विचारलं. दुकान बंद करताना लोखंडी पट्टीने खरडायचा, मीठ चोळायचं आणि रात्रभर उघडा ठेवायचा. ओला झाकून ठेवायचा नाही, हे त्यांनी दोनदा सांगितलं.

9 नोव्हेंबर

लाकूड. सुतारकाकांच्या शेडमध्ये अर्धा दिवस गेला आणि तो सार्थकी लागला.

साग बाजूला ठेवला. सुंदर असतो, पण हलका आणि मऊ. मोगरीच्या डोक्यात वजन हवं. शिसवी महाग, शिवाय तिचा भुसा मला सोसत नाही, अंगावर पुरळ येतं. कडुनिंब कडू. आंबा मऊ आणि घुणाला प्रिय. चिंचेचा गाभा उत्तम असतो, पण गाभ्याचं मोठं, निर्दोष लाकूड मिळणं कठीण, आणि भोवतीचं पांढरं लाकूड किडे खातात. उरली बाभूळ. गोदाकाठच्या काळ्या मातीत ती आपोआप वाढते. बैलगाडीची चाकं, तुंबे, आरे, वखराचे भाग, सगळं पिढ्यान्‌पिढ्या तिचंच होत आलं आहे. ज्या लाकडाने भरल्या गाडीचा हादरा सोसला ते मटणाला भारी पडणार नाही.

काकांनी आधी जुन्या चाकाचा तुंबा, म्हणजे आस बसतो तो मधला भाग, पुढे केला. पक्कं वाळलेलं, दगडासारखं लाकूड. मोह झाला. पण तुंब्यात आसाचं काळं वंगण वर्षानुवर्षं मुरलेलं असतं. ते रंध्यानेही निघत नाही, आत खोल गेलेलं असतं. शेतीच्या अवजाराला चालेल, स्वयंपाकघराला नाही. जुन्या लाकडातून भांडी करणाऱ्या कोणालाही मी हेच सांगेन: आधी ते लाकूड काय प्यायलं आहे ते विचारा. रेल्वेचे जुने स्लीपर, रंगवलेल्या चौकटी, खोक्यांच्या फळ्या, यांपैकी काहीच मटणाजवळ येऊ नये.

मग शेडच्या माळ्यावरून एक ठोकळा निघाला. साडेतीन इंच चौरस, अडीच फूट लांब. ओंडका तोडल्यावर काकांनी तो विहिरीत टाकून ठेवला होता, मग चिरून सावलीत चार पावसाळे वाळवला. बाभळीचं लाकूड पाण्यात ठेवायची रीत जुनी आहे. पाण्यात लाकडातला रस आणि पिठूळ अंश धुऊन जातो, आणि भुंगेऱ्याला खायला फारसं उरत नाही. ठोकळ्याची दोन्ही टोकं मेणाने बंद केली होती, कारण लाकूड टोकांतून सगळ्यात वेगाने वाळतं आणि तिथेच तडकतं.

काकांनी ठोकळा उलटासुलटा करून दाखवला. "ताई, हे बघा, मगज यात न्हाई. मगज आला की तडा आलाच. आज न्हाई तर उन्हाळ्यात येईल." झाडाच्या मधोमधचा मगज टाळूनच तो चिरलेला होता. एका कोपऱ्यात पांढऱ्या लाकडाची पट्टी आहे, तेवढी काढावी लागेल. बाकी सगळा तांबूस तपकिरी गाभा.

दांड्यासाठी किनवटकडच्या धावड्याचा एक तुकडा घेतला. कुऱ्हाडीचे दांडे करतात तो. चिवट आणि लवचीक, हाताला झटका कमी देतो.

12 नोव्हेंबर

आकाराचा विचार. कागदावर बराच वेळ गेला.

कातारी पूर्ण मोगरी एका तुकड्यातून लेथवर काढून देतात, सुतारांच्या मोगऱ्या बहुधा तशाच असतात. पण त्यात लाकडाची रेषा, म्हणजे धागे, दांड्याच्या दिशेने जाते. म्हणजे वार बसतो तो धाग्यांच्या अंगावर, टोकांवर नाही. पटाशी ठोकायला ते ठीक आहे. मटणासाठी त्या बाजूवर दात पाडले तर प्रत्येक दाताच्या बुडाशी रेषा आडवी येणार आणि दात ढलपीसारखे उडणार. ताटात लाकडाचा तुकडा येणं मला मान्य नाही.

म्हणून दोन भाग: डोकं वेगळं, दांडा वेगळा. डोक्याची रेषा एका थापण्याच्या बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत. दांड्याचं कुसू, म्हणजे भोकात बसणारं टोक, डोक्यातून आरपार, वरून पाचर. डिंक नाही, फेव्हिकॉल नाही.

मापं सुतांत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) घेते, कारण दात त्यातच नीट बसतात. थापण्याची बाजू 21 सूत चौरस, म्हणजे दोन इंच पाच सूत. लांबी पावणेपाच इंच. एक बाजू सपाट, दुसरीवर दात. 21 सुतांत तीन सुतांचे सात दात बरोबर बसतात, एकूण 49.

खरा प्रश्न दातांच्या मधल्या खाचेचा आहे. थापताना मटण खाचेत शिरणारच. ते तिथून निघालं पाहिजे. करवतीने सरळ खाच पाडली तर तळाशी अरुंद फट उरते, आणि तिच्यात ब्रश पोचत नाही. खाच उघडी हवी, काटकोनी. चौकोनी कानस कोपऱ्यावर धरून चालवली की नेमका काटकोन पडतो. तीन सुतांच्या दाताला दीड सूत खोली. उथळ, रुंद, आणि तळापर्यंत बोटाला लागणारी. तिकोनी कानशीने 60 अंशांची खाच पडते, दात उंच आणि दिसायला झोकदार होतो, पण खाच खोल होते आणि टोक मटण फाडतं. ती नको.

या मोगरीचा आकार थापण्यावर कमी आणि धुण्यावर जास्त ठरतोय, आणि तसाच तो ठरायला हवा. थापायला वरवंटाही चालतो. कच्चं मटण लागलेलं लाकूड दुसऱ्या दिवशी पोळपाटाशेजारी टांगायचं असेल तर त्यात एकही जागा अशी नको जिथे ब्रश पोचत नाही आणि हवा खेळत नाही.

16 नोव्हेंबर

पांढऱ्या पट्टीजवळच्या उरलेल्या तुकड्यांवर दातांची चाचणी घेतली. एका तुकड्यावर उभ्या रेषेत, दुसऱ्यावर आडव्या रेषेत, तेच माप, तीच कानस. मग दोन्ही तुकडे हातात धरून जाड चामड्याच्या पट्ट्यावर जोरात आपटत राहिले. आडव्या रेषेतल्या दातांची टोकं लवकरच झडायला लागली, आणि कडेचा एक दात बुडापासून निघाला. उभ्या रेषेतले दात टोकाला किंचित चेपले, इतकंच. निघालेला दात डबीत ठेवला आहे. कोणी विचारलं की दोन तुकडे का जोडलेस, तर दाखवायला.

टोकं मुद्दाम बोथट करायची हेही नक्की झालं. पॉलिश पेपरचे दोन हात मारले की पुरे.

20 नोव्हेंबर

डोकं कापून, रंधून तयार. बाभळीला रंधा मारताना पातं सारखं पाजळावं लागतं. रेषा कधी उजवीकडे तर कधी डावीकडे वळते, आणि उलट्या दिशेने गेलं की लाकूड उचकटतं. पातं बारीक ठेवलं, दोन्ही दिशांनी थोडं थोडं घेतलं. गुण्या लावून चारही बाजू तपासल्या. सपाट बाजू धाग्यांच्या टोकांची असल्यामुळे तिथे रंध्याने कडा फुटतात. चारही कडा आधी किंचित उतरवून घेतल्या आणि मग कडेकडून मध्याकडे रंधा चालवला.

वजन केलं: 440 ग्रॅम. मापाने आकारमान साधारण 536 घनसेंटिमीटर, म्हणजे घनसेंटिमीटरला 0.82 ग्रॅमच्या आसपास. सागाचं हेच 0.65 च्या आगेमागे असतं. एवढ्याशा डोक्यात सागापेक्षा शंभर ग्रॅमच्या जवळपास जास्त वजन मिळालं.

24 नोव्हेंबर

कुसवाचं भोक. एक इंच बाय पाच सूत, लांब बाजू रेषेच्या दिशेने. दोन्ही बाजूंनी खुणा करून गिरमिटाने भोकं पाडली आणि पटाशीने दोन्हीकडून मध्याकडे आले. वरच्या तोंडाला, फक्त रेषेच्या दिशेच्या दोन टोकांना, भोक एकेक सूत तिरकं रुंद केलं. पाचर ठोकली की कुसू वर फाकतं आणि डोकं निसटायची वाटच बंद होते.

पाचर कोणत्या दिशेने बसते याला फार महत्त्व आहे. कुसवातली चीर डोक्याच्या रेषेला आडवी हवी, म्हणजे पाचरीचा दाब रेषेच्या दिशेने, धाग्यांच्या टोकांवर जातो. लाकूड तो सहज पेलतं. चीर रेषेच्या दिशेने पाडली तर पाचर डोकं बाजूंनी फाकवते. ओंडका फोडायला पाचर ठोकतात, ती तशीच. लाकडी हातोड्यांची डोकी फुटतात त्यांतली काही याच कारणाने.

28 नोव्हेंबर

दांडा. धावड्याचा, अकरा इंच, लंबगोल. गोल दांडा ओल्या हातात फिरतो आणि डोकं तिरकं पडतं. लंबगोल असला की न बघताही कळतं की सपाट बाजू खाली आहे. जाऊबाईंची मूठ लहान आहे, त्यांना बोलावून पकड बघितली आणि अजून थोडं कमी केलं. शेवटच्या टोकाला किंचित फुगवटा ठेवला, हात निसटू नये म्हणून.

कुसू भोकात इतकं घट्ट बसलं पाहिजे की शेवटचा बोटभर भाग ठोकूनच जावा. तसं बसलं. खाली दांड्याचा खांदा डोक्याला कुठेही फट न ठेवता टेकतो. इथे फट राहिली असती तर मटणाचं पाणी आत गेलं असतं, आणि तिथे ब्रश कधीच पोचला नसता.

पाचर बाभळीचीच. ठोकली, आवाज बदलला तिथे थांबले. वरचं टोक करवतीने कापून पटाशीने सपाट केलं.

30 नोव्हेंबर

दात पाडले. रेघा आखल्या, करवतीने प्रत्येक रेघेवर अगदी उथळ खूण केली, म्हणजे कानस घसरत नाही, आणि मग चौकोनी कानस कोपऱ्यावर. सहा खाचा एका दिशेने, सहा दुसऱ्या. कानशीची धूळ ओलसर हाताने पुसली तिथे लाकडावर निळसर काळे डाग उठले. बाभळीत टॅनिन भरपूर, तिची साल कातडी कमवायला वापरतात ती त्यासाठीच. टॅनिन, लोखंड आणि ओल एकत्र आले की काळं पडणारच. लिंबाची फोड घासल्यावर डाग उतरले. पुढे लक्षात ठेवायचं: ही मोगरी लोखंडी तव्यावर किंवा घासणीवर ओली ठेवायची नाही.

3 डिसेंबर

सगळी मोगरी ओल्या फडक्याने पुसून वाळू दिली. लाकडाचं कूस उभं राहिलं, हाताला खरखरीत लागलं. ते पॉलिश पेपरने उतरवलं. पुन्हा ओलं, पुन्हा वाळवणं, पुन्हा घासणं, ओल्यानंतरही हात फिरवला तर गुळगुळीत लागेपर्यंत. स्वयंपाकघरातल्या लाकडाला हे आधीच करून घेतलं नाही तर पहिल्या धुण्यातच ते खरखरीत होतं, आणि खरखरीत लाकडाला मटण चिकटतं.

आता तेल. शेंगदाण्याचं, करडईचं किंवा खोबऱ्याचं नको. शेंगदाणा आणि खोबरं लाकडात वाळत नाहीत, पुढे खवट वास मारू लागतात. करडई वाळते, पण फार हळू. जवसाचं तेल हवेतल्या ऑक्सिजनशी मिळून खरोखर घट्ट होतं आणि लाकडाच्या तोंडाशी बसतं. आमच्याकडे जवस पिकतो, चटणी रोजच्या जेवणात असते, आणि लाकडी घाण्यावरचं ताजं तेल मिळतं. तेच आणलं. रंगाच्या दुकानात मिळणारं 'डबल बॉइल्ड' जवसाचं तेल लवकर वाळतं कारण त्यात धातूंचे क्षार घातलेले असतात. ते दारं-खिडक्यांसाठी. खाण्याच्या वस्तूला अजिबात लावू नये.

पहिला हात सढळ दिला. धाग्यांच्या टोकांनी तेल पाहता पाहता ओढून घेतलं. अर्ध्या तासाने वरचं उरलेलं पुसून काढलं.

ज्या फडक्याने जवसाचं तेल पुसलं ते चुरगळून कोपऱ्यात टाकायचं नाही. तेल वाळताना उष्णता सुटते, बोळ्यात ती कोंडते आणि फडकं आपोआप पेटू शकतं. मी ते दोरीवर पसरून वाळवलं. भुसा असलेल्या खोलीत ही काळजी घेतलीच पाहिजे.

12 डिसेंबर

मार्गशीर्षातला गुरुवार, घरात मटणाचा विषय नाही, त्यामुळे घाईही नाही. आज तेलाचा आणखी एक हात. थंडीची कोरडी हवा चांगली, पण ऊन कमी, म्हणून हातांमध्ये काही दिवसांचं अंतर ठेवते. तेलाचा थर पूर्ण घट्ट व्हायला आठवडे लागतात. आतापर्यंत रंग गडद होऊन खजुरासारखा झाला आहे. दात हाताळताना कुठेही चिकट लागत नाही.

शेवटच्या हातात थोडं मधमाशीचं मेण तेलात वितळवून घातलं. फक्त डोक्याच्या बाजूंना आणि दांड्याला, थापण्याच्या बाजूला नाही. तिथे मेणाचा थर मटणाबरोबर निघून येईल.

तयार मोगरीचं वजन 570 ग्रॅम.

5 जानेवारी

पहिला वापर. मार्गशीर्ष संपला, आणि जाऊबाईंनी मांडीचा तुकडा आणवला.

थापायची तयारी त्यांनीच केली. ओट्यावर ओला पंचा घडी करून, त्यावर लाकडी पाट. पंच्यामुळे पाट हलत नाही आणि खालच्या मजल्याला हादरा जात नाही. काप साधारण अर्ध्या इंचाचे, धाग्याला आडवे. जाड पिशवी दोन बाजूंनी कापून पुस्तकासारखी उघडली, काप मधे ठेवला.

त्यांनी पहिल्या कापाला दातांची बाजू वापरली. काप लवकर पसरला, पण तव्यावर गेल्यावर त्याचा रस जास्त सुटला आणि कडा विस्कटल्या. दुसऱ्याला सपाट बाजू. वार मधोमध, मग बाहेरच्या दिशेने किंचित ओढत, मधून कडेकडे. अर्ध्या इंचाचा काप दोन सुतांवर आला, कुठेही न फाटता. त्यानंतर त्यांनी मोगरी उलटी केलीच नाही.

"दात चापांना ठेव," म्हणाल्या. "पसंद्याला सपाटच पाहिजे. जोरही लागत नाही गं, वजनच काम करतं." चापा म्हणजे बरगड्यांचे तुकडे. हाड धरून मांसाचा भाग थापायचा, अंड्यात बुडवून तळायचा. तिथे चिवट पडदे जास्त, दातांचा उपयोग तिथेच.

पसंदे उत्तम झाले. सगळे काप एकाच वेळी तयार झाले, हा सारख्या जाडीचा सगळ्यात मोठा फायदा. पूर्वी पातळ कडा कोरड्या पडायच्या तोवर मधला भाग कच्चा असायचा.

धुणं मी माझ्याकडे घेतलं. लगेच, मटण वाळायच्या आधी. गरम पाणी, साबण, कडक ब्रश दोन्ही दिशांनी खाचांमधून. पाण्यात भिजत ठेवायची नाही. झटकून दांड्याच्या भोकातल्या सुतळीने खिडकीत टांगली. भिंग लावून खाचा पाहिल्या. तळ स्वच्छ. काटकोनी, उथळ खाचेवर घालवलेला वेळ इथे वसूल झाला.

9 जानेवारी

लाकूड आणि कच्चं मटण हा विषय निघाला की कोणी ना कोणी प्लॅस्टिक घ्या म्हणतं. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात डीन क्लिव्हर आणि सहकाऱ्यांनी पाटांवर यासाठी प्रयोग केले होते, 1994 मध्ये ते प्रसिद्ध झाले. लाकडी पाटावर सोडलेले जिवाणू आत ओढले गेले आणि थोड्या वेळाने पृष्ठभागावरून बहुतेक परत मिळेनात. सुरीचे ओरखडे पडलेल्या प्लॅस्टिकच्या पाटावरून मात्र हाताने धुऊनही ते पूर्ण जाईनात. म्हणजे लाकूड आपोआप घाण ठरत नाही. पण तो अभ्यास सपाट पाटांचा होता. दात असलेल्या मोगरीला तो जसाच्या तसा लावता येणार नाही. खाचेत मटणाचा कण राहिला तर कोणतंही लाकूड तुम्हाला वाचवणार नाही. खाच उघडी ठेवा, लगेच धुवा, पूर्ण वाळू द्या. खाटकाच्या दुकानातला मिठाचा आणि उघडं ठेवण्याचा नियम याच अंगाचा आहे.

14 जानेवारी

जाऊबाईंना सपाट बाजूच पुरते, हे डोक्यात घोळतंय. मग दातांसाठी घेतलेले दोन भाग, कुसू, पाचर, ही सगळी उठाठेव पसंद्यांना लागतच नाही. दात नसतील तर जोडही नको. खलबत्त्यातल्या बत्त्यासारखी उभी मोगरी एका तुकड्यात होईल: खाली रुंद गोल, वर मूठ. रेषा मुठीपासून खाली जाते, म्हणजे थापण्याची बाजू आपोआप धाग्यांच्या टोकांची. ढलपी उडायला वाव नाही, फट कुठेच नाही, धुवायला सोपी. हात मटणाच्या बरोबर वर येतो, त्यामुळे बाजू तिरकी पडायची भीती कमी.

एक उणीव आहे: लांब दांड्याचा वेग मिळत नाही, म्हणून शक्य तेवढं वजन हवं. ठोकळ्यातला उरलेला भाग साडेतीन इंच चौरस आहे. खालचा गोल सव्वातीन इंचांचा, अडीच इंच जाड ठेवला तर मुठीसकट वजन साडेतीनशे ग्रॅमच्या पुढे जाईल.

मोगरी थापण्यापेक्षा धुण्यासाठी आधी घडवायची, हे मी नोव्हेंबरमध्ये लिहिलं होतं. तो विचार पूर्ण नेला तर इथे पोचतो.

22 जानेवारी

कातारीदादा माळेगावच्या यात्रेत पोळपाट-लाटण्यांचं दुकान लावून आले आहेत, यात्रेनंतरची दुरुस्तीची कामं साचली होती, म्हणून आज नंबर लागला. कागदावरची आकृती पाहून त्यांनी मुठीची मान अजून जाड ठेवायला सांगितली. बरोबर होतं. बारीक मान दिसायला सुबक, पण वार सगळा तिथून जातो.

खालची बाजू अगदी सपाट नाही, मध्यापासून कडेपर्यंत जेमतेम अर्धं सूत उतरती. हात थोडा कलला तरी कड मटणात रुतत नाही. कड पूर्ण गोल. लेथवरच त्यांनी बाभळीचाच भुसा मूठभर घेऊन घासला, आणि पॉलिश पेपरनेही येणार नाही अशी चकाकी आली. वजन 360 ग्रॅम.

घरी आणून ओलं-वाळवणं-घासणं आणि जवसाचं तेल, पहिलीसारखंच.

16 फेब्रुवारी

उभ्या मोगरीवर पसंदे आणि पत्थर का गोश्त दोन्ही झाले. जाऊबाई ती दोन्ही हातांनी आलटून पालटून वापरतात, त्यामुळे खांदा भरून येत नाही. वजन कमी आहे, वार थोडे जास्त लागतात, पण त्यांना हात आवरता येतो म्हणून ते आवडतं. मी मात्र जाड कापांसाठी अजून दांड्याचीच उचलते.

पहिल्या मोगरीची तपासणी: थंडीत लाकूड आकसलं, पाचर केसभर वर आलेली दिसली. मोगरी उलटी धरून दांड्याचं टोक ठोकलं, डोकं पुन्हा बसलं. तेलाचा एक हात दिला. दात 49 च्या 49 शाबूत. उन्हाळ्यात नांदेडची कोरडी हवा सुरू झाली की पुन्हा पाचर पाहायची, आणि एप्रिलच्या आत तेल द्यायचं.

काचीगुड्याच्या माहेरी अशीच उभी मोगरी हवी आहे असा निरोप आला. त्यांच्याकडे गोश्त थापायला दगडी फरशी वापरतात, लाकडी पाट नाही. दगडावर चुकून थेट वार बसला तर कड चेपेल, म्हणून या मोगरीची कड आणखी गोल हवी. मूठ अर्धा इंच लांब. सुतारकाकांकडे बाभळीचा दुसरा तुकडा मगज टाळून चिरायला सांगितला आहे. तो अजून ओला आहे. टोकांना मेण लावून, तारीख घालून माळ्यावर ठेवला.